मानक ठेवावे कुठे, सांगावे कसे?

मानकांबद्दल या वेळी आलेले बहुतेक प्रश्न खगोलशास्त्राच्या अंगणातले आहेत, आणि ते साहजिकच आहे. दुर्बिणी दहा देशांत विखुरलेल्या असल्या तरी एकीची माहिती दुसरीकडच्या संगणकाला वाचता आली पाहिजे. त्यासाठीची मानके आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटना, म्हणजे आयव्हीओए, २००२ पासून तयार करते. भारताकडून पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था त्यात आहे. संघटनेची ऑक्टोबर २०११ ची बैठकही पुण्यातच झाली होती.

प्रश्न: आमच्याकडच्या शोधनिबंधांत ‘व्हीओटेबल’ या, खगोलीय तक्ते लिहिण्याच्या, मानकाचा संदर्भ तीन तऱ्हांनी येतो. कुणी वेबसाइटची लिंक देतो, कुणी आर्काइव्ह (arXiv) या निबंधसंग्रहाचा क्रमांक, कुणी एडीएस या खगोलसाहित्याच्या सूचीतली संदर्भखूण, म्हणजे बिबकोड. ग्रंथालयाने कोणती पद्धत ठरवावी? – ग्रंथपाल, पुणे

उत्तर: बिबकोड धरा, पण त्याच्या जोडीला आवृत्ती आणि दिनांक शब्दांत लिहायला लावा.

आयव्हीओएच्या प्रत्येक दस्तऐवजाच्या नावात चार गोष्टी असतात: दर्जा, छोटे नाव, आवृत्ती आणि दिनांक. दर्जाच्या पायऱ्या कार्यमसुदा, प्रस्तावित शिफारस आणि शिफारस अशा आहेत. व्हीओटेबल १.४ ही शिफारस २१ ऑक्टोबर २०१९ ची, तर १.३ ही २० सप्टेंबर २०१३ ची. संकेतस्थळावर दोन प्रकारचे पत्ते मिळतात. दिनांक असलेला पत्ता कायम त्याच आवृत्तीवर नेतो, आणि नुसत्या नावाचा पत्ता त्या दिवशी जी ताजी असेल तिच्यावर. घोटाळा या दुसऱ्या पत्त्यामुळे होतो. २०१४ मध्ये १.३ वाचून लिहिलेल्या निबंधात हा पत्ता दिला असेल, तर आज त्यावर टिचकी मारणाऱ्याला भलताच मजकूर दिसेल आणि त्याला ते कळणारही नाही.

बिबकोड बरोबर १९ अक्षरांचा असतो. सुरुवातीला वर्ष, मग मालिकेचे नाव, आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचे आद्याक्षर. नियतकालिकांच्या बिबकोडात ज्या जागी पानाचा क्रमांक येतो, तिथे आयव्हीओएच्या मानकांसाठी महिना आणि दिवस घातलेला असतो. १.४ साठी तिथे १०२१ आहे आणि १.३ साठी ०९२०. त्यामुळे विद्यार्थ्याने आवृत्ती १.४ लिहून १.३ चा बिबकोड चिकटवला असेल, तर ते ग्रंथालयातल्या टेबलावरच पकडता येते.

आर्काइव्हवर या मानकांच्या काही आवृत्त्या आहेत, सगळ्या नाहीत. व्हीओटेबल १.२ तिथे सापडते म्हणून तीच चालू आवृत्ती असे समजणारे बरेच भेटतात. दुय्यम पत्ता म्हणून तो क्रमांक द्यायला हरकत नाही.

फिट्स, म्हणजे खगोलीय चित्रांच्या फाइलींचे मानक, याच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. १९८१ चा वेल्स, ग्रायसन आणि हार्टन यांचा मूळ निबंध सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून सगळीकडे तोच दिला जातो. पण त्यात द्विमान (बायनरी) तक्ते नाहीत, आकाशातील स्थाननिर्देशांकांचे नियमही नाहीत. हे नियम २००२ च्या दोन वेगळ्या निबंधांत आले आणि चित्रे तुकड्या-तुकड्यांनी आकुंचित करण्याची पद्धत मुख्य मानकात थेट ४.० या आवृत्तीत आली. आकुंचित फिट्स फाइल वापरून १९८१ चा निबंध उद्धृत करणे म्हणजे नवी कायदादुरुस्ती सांगताना जुना मूळ कायदाच दाखवण्यासारखे आहे. इतिहास सांगायचा तर १९८१ द्या. प्रोग्राम ज्या नियमावर चालतो, त्यासाठी तो नियम ज्या आवृत्तीत आहे तीच द्या.

प्रश्न: मूळ संकेतस्थळ बंद पडले तर अडायला नको म्हणून सर्व मानकांच्या पीडीएफ आमच्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत. हे योग्य आहे का? – संगणक विभाग, एक संशोधन संस्था

उत्तर: ठेवणे योग्य आहे, पण प्रत जशी मांडली जाते तिथे चुका होतात. खुल्या वेबवर ठेवलेली प्रत शोधयंत्रात मूळ दस्तऐवजाच्या वर दिसू लागते, लोक तिचाच पत्ता संदर्भात देतात, आणि तीन वर्षांनी सर्व्हर बदलला की ते सगळे संदर्भ मरतात.

प्रत संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात ठेवली की ही भानगडच उरत नाही. बाहेर ठेवायचीच असेल तर सर्व्हरने पीडीएफसोबत पाठवायच्या शीर्षकांत (हेडर) ‘कॅनॉनिकल’, म्हणजे मूळ प्रत कुठे आहे ते शोधयंत्राला सांगणारी, लिंक घाला आणि तीत मूळ पत्ता द्या. एचटीएमएल पानात हीच खूण पानाच्या मथळ्याच्या भागात घालता येते. पीडीएफला तसा मथळा नसतो, म्हणून ती सर्व्हरच्या मांडणीतूनच द्यावी लागते. फाइलचे मूळ नाव बदलू नका. ‘व्हीओटेबल नवीन’ असे नाव ठेवले की त्यातला दर्जा आणि दिनांक दोन्ही गेले. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा, एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंदवा आणि वर्षातून दोनदा मूळ फाइलच्या ठशाशी ताडून बघा. ठसा जुळला नाही, तर एक तर तुमची प्रत खराब झाली आहे, किंवा मूळ ठिकाणी गुपचूप फाइल बदलली गेली आहे. दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे, ती त्या संघटनेला कळवा.

प्रश्न: मानकांच्या संकेतस्थळाचे पत्ते एचटीटीपीएसने सुरू होऊ लागले, म्हणून आमच्या व्हीओटेबल फाइलींतला एचटीटीपीही आम्ही एचटीटीपीएस केला. आता भागीदार संस्थेचा प्रोग्राम ‘एकही तक्ता नाही’ म्हणतो. फाइल तर व्यवस्थित उघडते. – सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक

उत्तर: तुम्ही पत्ता बदलला असे तुम्हाला वाटते, प्रत्यक्षात नाव बदलले आहे. व्हीओटेबल ही एक्सएमएल, म्हणजे नावांच्या खुणांत माहिती मांडणारी, फाइल असते. तिच्या सुरुवातीला जो नामावकाश, म्हणजे नेमस्पेस, लिहिलेला असतो तो दिसायला वेबपत्ता असला तरी प्रोग्राम तिथे जात नाही. तो फक्त अक्षरशः तुलना करतो. एक ‘एस’ वाढला की प्रोग्रामच्या लेखी तो वेगळा नामावकाश झाला, आणि त्यातला ‘टेबल’ हा घटक त्याच्या ओळखीचा राहिला नाही. फाइल एक्सएमएल म्हणून निर्दोष असते, त्यामुळे चूक म्हणून संदेशही येत नाही. पूर्वीचा एचटीटीपी परत लिहा, काम होईल.

याच ओळीत दुसरा खड्डाही आहे. व्हीओटेबल १.४ च्या फाइलीतसुद्धा नामावकाशाच्या शेवटी १.३ असते आणि तेच बरोबर आहे. किरकोळ आवृत्ती बदलली तरी नामावकाश तसाच ठेवायचा असे धोरण आहे, नाही तर प्रत्येक सुधारणेबरोबर जुने सगळे वाचक प्रोग्राम आंधळे होतील. खरी आवृत्ती सर्वांत बाहेरच्या घटकावरच्या ‘व्हर्जन’ या गुणधर्मात लिहितात. ‘१.३ चुकून राहिले’ असे समजून तिथे १.४ करणारा उत्साही माणूस प्रत्येक गटात एखादा तरी असतोच.

स्कीमा, म्हणजे फाइलच्या रचनेचे नियम लिहिलेली फाइल, कुठे मिळेल ते सांगणारी ओळ मात्र वेगळी. तिच्यात जोडी असते: आधी नामावकाश, मग स्कीमाचा प्रत्यक्ष पत्ता. जोडीतल्या दुसऱ्या भागात एचटीटीपीएस चालते.

आणि तपासणी करताना दर फाइलमागे स्कीमा मूळ सर्व्हरवरून ओढू नका. जगभरचे प्रोग्राम विनाकारण स्कीमासारख्या फाइली मागत राहतात, आणि २००८ मध्ये वेबची मानके करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने अशा मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत जातात अशी जाहीर तक्रार केली होती. स्कीमाची एक प्रत जवळ ठेवा आणि एक्सएमएल कॅटलॉगमधून, म्हणजे कोणत्या नावाला कोणती फाइल ते सांगणाऱ्या यादीतून, त्या नावाला ती प्रत जोडून द्या. तपासणी वेगाने होईल आणि इंटरनेट नसतानाही चालेल.

प्रश्न: चार संस्था मिळून उपकरणांच्या माहितीसाठी सामाईक मानक लिहीत आहोत. ई-मेलवर फिरणाऱ्या फाइलींच्या नावात आता ‘फायनल’ तीनदा आहे. कुठून सुरुवात करावी? – प्रकल्प समन्वयक, मुंबई

उत्तर: फाइल फिरवणे थांबवा. मजकूर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या एका भांडारात ठेवा, शक्य तर लाटेक या साध्या मजकुरातून दस्तऐवज बनवणाऱ्या पद्धतीत, म्हणजे कोणती ओळ कुणी कधी बदलली ते दिसते. आयव्हीओएने स्वतःसाठी ‘आयव्हीओएटेक’ नावाचा साचा केला आहे. त्यात एका आज्ञेने पीडीएफ आणि एचटीएमएल तयार होते. तो वापरला नाही तरी त्याची रचना बघून घ्या. आकृत्यांच्या मूळ फाइलीही भांडारातच हव्यात. दोन वर्षांनी आकृतीतला एक बाण वळवायचा असतो आणि हाती नुसते चित्र उरलेले असते.

भांडार आणि फाइली कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका. संशोधक करार संपून गेला, खाते बंद झाले, लिंक गेली, हे ठरलेले आहे. चार संस्थांच्या नावे सामाईक खाते उघडा आणि किमान दोन संस्थांच्या माणसांना मालकीहक्क द्या. संपादक मात्र एकच असावा. सूचना सगळ्यांनी कराव्यात, मुख्य शाखेत, म्हणजे अधिकृत प्रतीत, त्या त्यानेच घ्याव्यात.

मान्य होईपर्यंत आवृत्ती ०.१, ०.२ अशी चढत जाऊ दे, १.० हा आकडा मंजुरीसाठी राखून ठेवा. प्रस्ताव खुला केल्यावर सूचनांना किमान सहा आठवडे द्या, आयव्हीओएतही तेवढेच असतात. तिथली आणखी एक अपेक्षा उचलण्यासारखी आहे: शिफारस मिळण्याआधी एकमेकांशी जुळणाऱ्या किमान दोन अंमलबजावण्या दाखवाव्यात. कागदावर स्वच्छ दिसणारे वाक्य दोन संस्था दोन तऱ्हांनी वाचतात, हे तेव्हाच उघड होते.

प्रकाशनासाठी झेनोडोसारखे भांडार पुरते. तिथे डीओआय, म्हणजे दस्तऐवजाचा कायमचा ओळखक्रमांक, आधी राखून ठेवता येतो. तो पीडीएफच्या पहिल्या पानावर छापा आणि मगच फाइल चढवा, नाही तर दस्तऐवजातच त्याचा स्वतःचा क्रमांक नसतो. झेनोडो दोन डीओआय देते, एक त्या आवृत्तीचा आणि एक सर्व आवृत्त्यांचा मिळून. पहिल्या पानावर आवृत्तीचा छापा. पीडीएफ ही पीडीएफ/ए प्रकारची असावी, म्हणजे फॉन्ट आतच बांधले जातात. देवनागरी मजकूर असेल तर याला पर्याय नाही, कारण दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. मसुदा बंद दाराआड चालेल, पण मंजूर मानक बघायला लॉगिन मागू नका.

प्रश्न: प्रसिद्ध मानकात छपाईची चूक सापडली. फाइल दुरुस्त करून त्याच पत्त्यावर ठेवू का?

उत्तर: नाही. स्वतंत्र शुद्धिपत्र काढा, त्याला क्रमांक आणि दिनांक द्या आणि मानकाच्या पानावर त्याची लिंक ठेवा. पुढच्या आवृत्तीत ते आत घ्या.

प्रश्न: विकत घेतलेल्या आयएसओ मानकाची पीडीएफ भागीदार विद्यापीठाला पाठवता येईल का?

उत्तर: नाही. परवाना खरेदीदारापुरता असतो. क्रमांक, वर्ष आणि कलम कळवा, त्यांनी आपली प्रत घ्यावी.

प्रश्न: विद्यार्थ्यांसाठी एका मानकाचा मराठी सारांश करते आहे. इंग्रजीतल्या ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’साठी काय वापरू? – प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर: इंटरनेटच्या मानकांत या शब्दांचे अर्थ १९९७ च्या ‘आरएफसी २११९’ या दस्तऐवजाने बांधून दिले आहेत. आयव्हीओएही तेच पाळते. ‘मस्ट’ला ‘केलेच पाहिजे’ आणि ‘मे’ला ‘करता येईल’ निर्धास्तपणे चालते. खरी पंचाईत ‘शुड’ची. ‘करावे’ हा सरळ शब्द वाटतो, पण सरकारी परिपत्रकांनी आपल्याला ‘करावे’ म्हणजे हुकूम असे शिकवले आहे. वाचक त्याला सक्ती समजेल. ‘सबळ कारण नसेल तर करावे’ लांबट आहे, पण मूळ अर्थ नेमका तोच आहे.

दुसरी अडचण लिपीची. २०१७ च्या आरएफसी ८१७४ नुसार हे शब्द मोठ्या अक्षरांत असतील तरच त्यांना हा बांधीव अर्थ असतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, तेव्हा असे शब्द ठळक छापा आणि सुरुवातीलाच तीन ओळींचा तक्ता द्या. ‘अर्थाबाबत मूळ इंग्रजी आवृत्ती प्रमाण’ हे वाक्य, आवृत्ती आणि दिनांकासह, पहिल्याच पानावर हवे.