तोंड आले म्हणून ब्रश बंद करू नका

आपण विचारले आहे की, सहा वर्षांच्या भाच्याला रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू असून त्याचे तोंड आले आहे. हे फोड तोंडातल्या जंतूंमुळे येतात काय, आणि तसे असल्यास जंतुनाशक माउथवॉशने दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या केल्या तर ते टळतील काय. प्रश्नाच्या शेवटी आपण असेही लिहिले आहे की घरातील वडीलधाऱ्यांनी सध्या त्याचा ब्रश काढून घेतला आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो.

फोडांची सुरुवात जंतू करीत नाहीत, औषध करते. तोंडाच्या आतल्या अस्तरातील पेशी एक-दोन आठवड्यांत बदलत असतात, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारणारे औषध कर्करोगाच्या पेशी व गालाच्या पेशी यांत भेद करीत नाही. स्टीफन सोनिस या अमेरिकन दंतवैद्यक तज्ज्ञांनी या प्रक्रियेचे पाच टप्पे मांडले आहेत. त्यांतील पहिले तीन टप्पे अस्तराच्या आतच घडतात आणि वरून काहीही दिसत नाही. चौथ्या टप्प्यात अस्तर फाटून व्रण उघडा पडतो आणि तेथे जंतू येऊन बसतात, तर पाचव्यात तो भरून येतो. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, केमोत मेथोट्रेक्सेट नावाचे औषध वापरतात; त्याच्या बाबतीत हे अगदी आरंभापासून दिसत आले आहे. त्याच्याच कुळातले आधीचे औषध सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांना देऊन १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्या मुलांचीही तोंडे आली होती. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

आता आमच्या घरी काय घडले ते सांगतो, कारण आपल्या घरी तेच घडत आहे असे मला वाटते.

मी पाचोरा तालुक्यातील एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुलगा सात वर्षांचा असताना त्याला ल्युकेमिया झाला आणि मुंबईस उपचार सुरू झाले. त्यात एक टप्पा असा होता की दर दोन आठवड्यांनी, असे चार वेळा, मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट सलाइनमधून चोवीस तास द्यायचे, त्यानंतर ल्युकोव्होरिन हे उताऱ्याचे औषध द्यायचे आणि रक्तातील मेथोट्रेक्सेट पुरेसे उतरल्याखेरीज मुलाला सोडायचे नाही. दुसरी फेरी झाली तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. जळगावात कोणते रुग्णालय गाठायचे ते ठरवून ठेवण्याच्या अटीवर डॉक्टरांनी आम्हांला घरी जाऊ दिले. आम्ही पाचव्या दिवशी पाचोऱ्याला उतरलो. सहाव्या दिवशी सकाळी त्याने दूध तोंडाला लावून पेला तसाच खाली ठेवला. गालांची आतली बाजू लालभडक झाली होती आणि आठव्या दिवसापर्यंत जिभेखाली व ओठांच्या आत पांढरट व्रण पडले. सणासाठी केलेला आमरस त्याने स्वतः मागितला, एक घोट घेतला आणि आंबटपणाने तो किंचाळला. त्यानंतर तो पाणीही पिईना.

आखाजीला माझी मोठी बहीण माहेरी आली होती. वैशाखाच्या उन्हात आमच्याकडे पत्रे तापून घरात बसवत नाही, तेव्हा पोराला उष्णता झाली आहे याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. त्यातच ब्रश करताना त्याच्या हिरड्यांतून थोडे रक्त आले आणि फेस गुलाबी झालेला तिने पाहिला. "पोऱ्याले तरास नको देऊ रे भाऊ," असे म्हणून तिने ब्रश माझ्या हातातून घेतला आणि फडताळावर ठेवून दिला. मधात टाकणखार (बोरॅक्स) कालवून तिने तो फोडांवर लावला. तालुक्यातील ज्या डॉक्टरांना आम्ही दाखवले, त्यांनीही उष्णतेचेच निदान केले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या आणि काही दिवस तोंडाला हात लावू नका असे सांगितले. मी विज्ञानाचा शिक्षक असून गप्प बसलो, कारण ब्रश न केल्याने मुलगा रडत नव्हता आणि रडणे थांबले की घरातल्या सगळ्यांना बरे वाटत होते. असे तीन दिवस गेले.

दहाव्या रात्री त्याला हुडहुडी भरली. ताप १०१ होता. आम्ही पहाटे जळगाव गाठले; न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दीडशेवर, म्हणजे फारच खाली, आलेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी अहवालांची वाट न पाहता रक्ताचा नमुना घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू केले. दोन दिवसांनी रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जे जंतू वाढले, ते तोंडात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्ट्रेप्टोकॉकस होते. आपल्या सर्वांच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदत असतात, कारण अस्तर अखंड असते आणि पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. या मुलांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जातात, आणि तेच जंतू रक्तात उतरतात. सायटाराबीन या केमोच्या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर तर हे विशेषच होते.

मुलगा बरा झाला, आज तो तेरा वर्षांचा आहे. परंतु बहिणीचे म्हणणे आजही असे की मी आधी ब्रश करीत राहिलो म्हणून हिरड्या सोलल्या आणि त्यातून विष भिनले. माझे म्हणणे असे की तीन दिवस तोंड अस्वच्छ राहिले म्हणून जंतू माजले. गेल्या सहा वर्षांत एकही लग्नकार्य असे गेले नाही की हा विषय निघाला नाही.

आपल्या माउथवॉशच्या प्रश्नाकडे वळतो. ज्यात अल्कोहोल असते असा बाजारी माउथवॉश फोडांवर घालणे हा मुलाला दिलेला विनाकारण त्रास आहे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी दातांवरचा थर कमी होतो, पण त्याने केमोचे फोड टळतात असे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच वापरावे. आम्ही पुढे पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दर खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी गुळण्या करवल्या. त्यानेही फोड टळत नाहीत, तोंड स्वच्छ व ओले राहते. ब्रश अगदी मऊ, लहान डोक्याचा घ्यावा आणि वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात बुडवावा. टाकणखार मात्र पोटात गेला तर मुलांना विषारी ठरतो; तो कोणी कितीही प्रेमाने आणला तरी लावू देऊ नका. मधाविषयीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही करू नये. बी-कॉम्प्लेक्सच्या अनेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड असते, आणि मेथोट्रेक्सेटचे कामच मुळी फॉलिक ॲसिडचा वापर अडवण्याचे आहे. म्हणून ती साधी वाटणारी गोळीही मुंबईला फोन करून विचारल्यावाचून द्यायला नको होती. आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नका, त्याने मेथोट्रेक्सेट शरीरात साठू शकते. वेदना फार असल्या तर डॉक्टर मॉर्फिनसुद्धा देतात. त्याला घाबरू नये.

पांढरे दिसणारे सगळे एकच नसते. दह्याच्या कवडीसारखा थर दिसला तर ती कॅन्डिडाची बुरशी असू शकते आणि तिला बुरशीविरोधी औषध लागते. ओठांवर पुंजक्याने बारीक फोड आले तर हर्पीसचा विषाणू असू शकतो आणि त्याचे औषध आणखी वेगळे असते. म्हणून रोज उजेडात बॅटरी धरून तोंड पाहा. मूल घन खाते, फक्त पातळ घेते, की काहीच गिळत नाही, हेही लिहून ठेवा, कारण डॉक्टर फोडांची तीव्रता ठरवताना तेही पाहतात. आमच्या मुलाने त्या दिवसांत थंड दुधात कुस्करलेले केळे तेवढे खाल्ले. ताप १००.४ ला पोचला की पॅरासिटामॉल देऊन तो उतरतो का ते पाहत बसू नका, त्याच घटकेस निघा.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट मला नोंदवली पाहिजे. जळगावच्या डॉक्टरांना मी तेव्हाच विचारले होते की ब्रश चालू राहिला असता तर हे टळले असते का. त्यांनी सांगितले की न्यूट्रोफिल इतके खाली आणि अस्तर इतके फाटलेले असताना ब्रश करूनही जंतू रक्तात उतरू शकतात, एका मुलावरून काहीच सिद्ध होत नाही. तिसऱ्या फेरीत आम्ही एकही दिवस ब्रश सोडला नाही, तरी तोंड पुन्हा आले. ताप आला नाही, एवढेच. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट फारच उतरून हिरड्यांचे रक्त थांबत नसेल तर काही दिवस ब्रशऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजने दात पुसावे लागतात, हेही खरे. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असतो, घरातील थोरामोठ्यांचा नव्हे. बहिणीने ब्रश मायेपोटी काढून घेतला होता, याबद्दल माझ्या मनात कधीच किंतु नव्हता. पण तोंडाला हात लावायचा नाही, ही माया चुकीची होती असे मी आजही म्हणतो, आणि येत्या आखाजीला ती आली की हे उत्तर तिला वाचून दाखवणार आहे.

भाच्याच्या बाबतीत उद्या सकाळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून न्यूट्रोफिल व प्लेटलेट किती आहेत ते विचारा. ब्रश करायला त्यांनी हो म्हटले तर फडताळावरचा जुना ब्रश खाली काढू नका. तो टाकून द्या आणि नवा आणा.