जुना अ‍ॅनालॉग कन्सोल आकड्यांवर पारखावा की कानांनी?

तुम्ही विचारलंय की सत्तरच्या दशकातले कन्सोल (स्टुडिओत अनेक माइकचे आवाज एकत्र करणारी मोठी यंत्रं) मोजमापात आजच्या साध्या ऑडिओ इंटरफेसपुढेही (संगणकाला माइक जोडायच्या छोट्या डब्यापुढेही) हरतात, तरी लोक त्यांना डोक्यावर का घेतात आणि विश्वास नेमका कशावर ठेवायचा.

आधी माझी फजिती सांगतो. एका जुन्या प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) खर्ज कसा भरीव वाटतो, हे मी मित्रांना अर्धा तास रंगवून सांगत होतो. मग मीटर लावला, तर तो तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या प्रीअँपपेक्षा पाऊण डीबी (डेसिबल) जोरात वाजत होता! एवढा फरक 'जास्त जोरात' म्हणून लक्षात येत नाही, 'चांगला' वाटतो. तेव्हापासून लेव्हल 0.1 डीबीपर्यंत जुळवून, कोणतं काय ते झाकून ऐकल्याशिवाय मी कुणाच्याच कानांवर विसंबत नाही, माझ्याही.

पण म्हणून माहितीपत्रकातला आकडा पुरतो असंही नाही. 'डिस्टॉर्शन (मूळ सिग्नलमध्ये होणारा बिघाड) 0.05 टक्के' हे बहुधा 1 किलोहर्ट्झला, एकाच लेव्हलला मोजलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा गाभा मात्र खालच्या सुरांत आणि जोरकस सिग्नलला संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते आणि सिग्नल बिघडतो. तोच चॅनेल 40 हर्ट्झला, लेव्हल चढवून मोजा, आकडा कितीतरी वर जाईल. शिवाय तो आकडा म्हणजे सगळ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या पटीत उमटणाऱ्या जादा सुरांची) नुसती बेरीज आहे. त्यात दुसरा-तिसरा हार्मोनिक असेल तर आवाज जाडसर लागतो. तेवढीच बेरीज सातव्या-नवव्याची असेल तर कानाला टोचतं. लोक ज्याला 'ऊब' म्हणतात, त्यातलं बरंचसं इथे सापडतं. ते मोजता येतं, फक्त मोजणाऱ्याने योग्य जागी बघायला हवं.

नावाजलेले कन्सोल बनवणारे रूपर्ट नीव्ह स्वतः एक किस्सा सांगत. बीटल्सचे रेकॉर्डिंग इंजिनियर जेफ एमरिक यांना नीव्हच्याच एका कन्सोलमधले काही चॅनेल खटकत होते. तपासल्यावर तीन चॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरला टर्मिनेशनच (टोकाला जोडायचा योग्य भार) नसल्याचं निघालं आणि 54 किलोहर्ट्झला 3 डीबीचा उंचवटा दिसला. 54 किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येत नाही, त्यामुळे या किश्श्यावरून वाद घालणारे आजही घालतात. मला त्यातला क्रम आवडतो: तक्रार कानाने केली, दोष मीटरने शोधला.

नॉइजबद्दल थोडक्यात. मिक्स बसला (सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात त्या तारेला) 24 चॅनेल जोडले की नेहमीच्या व्हर्च्युअल अर्थ पद्धतीत समिंग अँपचा (ही बेरीज करणाऱ्या अँपचा) स्वतःचा नॉइज सुमारे 28 डीबीने वाढतो. म्हणजे एका चॅनेलच्या मापावरून अख्ख्या कन्सोलचा अंदाज बांधू नका.

आता प्रत्यक्ष वापराचं. माहितीपत्रक नव्या मशीनचं असतं, तुमच्यासमोरचं मशीन पन्नास वर्षं तापलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक चॅनेल स्वीप (खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) लावून मोजतो आणि चॅनेलची एकमेकांशी तुलना करतो. चोवीसपैकी एकाचाच खर्ज आधी गळत असेल, तर त्याला कन्सोलचं 'व्यक्तिमत्त्व' म्हणू नका, बहुतेक कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा भाग) सुकलाय. पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती खुंटी) फिरवताना खरखर कायम राहत असेल आणि साफ करूनही जात नसेल, तर डीसी गळती तपासा. हे सगळं निस्तरल्यावरच ऐकायला बसा, तेही स्वतः रेकॉर्ड केलेल्या, पाठ झालेल्या ट्रॅकवर.

आणि हो, सुरुवात पॉवर सप्लायच्या रिपलपासून (डीसी व्होल्टेजवर उरलेल्या चढउतारापासून) करा. तिथे गडबड निघाली, तर आधी घेतलेली सगळी मापं परत घ्यावी लागतात.