सही करण्याआधी

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

पदरात पडेल तेवढं घेऊन सही करावी, की पूर्ण मिळेपर्यंत अडून बसावं, असं तू विचारलंस. थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन वकिलाने दोन्ही केलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

जन्म 1792 चा, व्हरमाँटमधला. एक पाय जन्मापासून अधू. बाप घर सोडून गेला, आईने कष्ट करून शिकवलं. पुढे पेन्सिल्व्हेनियात गेटिसबर्गला त्याने वकिली थाटली. 1821 मध्ये त्याने एका गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं. चॅरिटी बटलर या बाईचं म्हणणं होतं, आपण पेन्सिल्व्हेनियात सहा महिने राहिलो, तेव्हा तिथल्या कायद्याने मुक्त झालो. स्टीव्हन्सने युक्तिवाद केला, की तिचा मुक्काम तुकड्यातुकड्यांचा होता, सलग नव्हता. तो जिंकला आणि बाई गुलामीतच राहिली. माणसाचा हक्क कागदावर कसा निसटतो, हे त्याने स्वतःच घडवून पाहिलं. नंतरची सगळी हयात तो गुलामगिरीविरुद्ध लढला.

1838 मध्ये पेन्सिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली. तिने काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेतला. स्टीव्हन्स घटना परिषदेचा सदस्य होता. त्याने सही केली नाही.

आता 1866. अमेरिकन राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा मसुदा काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे होता. स्टीव्हन्स तेव्हा तिचा सदस्य होता. मुक्त झालेल्या गुलामांना मताधिकाराची हमी हवी, हा त्याचा आग्रह. मसुद्यात ती नव्हती. पण नागरिकत्व होतं, कायद्याचं समान संरक्षण होतं. आपण माणसांत राहतो, देवदूतांत नाही, म्हणून हे अपुरं स्वीकारतो, असं सभागृहात सांगून त्याने बाजूने मत दिलं. ही दुरुस्ती जुलै 1868 मध्ये मंजूर झाली, ऑगस्टमध्ये तो वारला. शाळांतला वर्णभेद 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दुरुस्तीच्या आधारे घटनाबाह्य ठरवला.

काहींना यात विसंगती दिसते, मला दिसत नाही. पहिल्या कागदाने लोकांच्या हातात होतं ते जात होतं. दुसऱ्याने हवं त्यापेक्षा कमी मिळत होतं, पण मिळत होतं आणि पुढची लढाई बंद होत नव्हती.

तुझा मसुदा मी याच नजरेने वाचला. थकीत पगाराची रक्कम कमी आहे, तरी ती घ्यायला कामगारांना सांग. तिसऱ्या कलमात मात्र पुन्हा कामावर घेण्याचा दावा ते कायमचा सोडतात, असं लिहिलंय. ते कलम निघाल्याशिवाय कुणालाही सही करू देऊ नकोस.