काडतुसं हाताने भरताना एकाच मापात दोन वेगळ्या गनपावडरचं वजन वेगळं का भरतं?

कारण दाण्यांचा आकार. वाटीभर पातळ पोहे आणि वाटीभर साबुदाणा तोलून पाहा, लगेच कळेल. गोल दाण्यांची बॉल पावडर साबुदाण्यासारखी दाटून बसते, एका घन सेंटीमीटरमध्ये जवळपास 1 ग्रॅम. चपट्या पापुद्र्यांची फ्लेक पावडर पोह्यांसारखी. मध्ये हवाच जास्त, त्यामुळे बरीच हलकी. शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी दिसणारी पावडर या दोन्हींच्या मधली.

अमेरिकेतल्या हॉजडन कंपनीची ट्रेल बॉस पावडर हातावर घेतली तर भोक पडलेले चिमुकले वडेच दिसतात. ती मुद्दाम फुगीर केली आहे. .45 कोल्टसारख्या जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या (धातूच्या नळ्या) मुळात जास्त जागा घेणाऱ्या बंदुकीच्या काळ्या दारूसाठी होत्या, त्यामुळे दाट पावडरचं योग्य वजन त्यात तळाशीच राहतं. चुकून दुप्पट पडलं तरी डोळ्यांना कळत नाही, आणि बंदूक फुटू शकते. फुगीर पावडर दुप्पट पडली तर बाहेर सांडते.

म्हणून कळकळीने सांगतो, पावडर बदलली की मोजणीयंत्राचं जुनं सेटिंग विसरा, कारण ते वजन नाही, आकारमान मोजतं. उत्पादकाच्या तक्त्यातलं वजन ग्रेनमध्ये (1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम) तराजूवरच तोला. आणि घनता सारखी म्हणजे जळण्याचा वेगही सारखा, असं अजिबात नाही.