प्री दामेरिकच्या आधीचे निकाल बघून दावेदार कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की, पॅरिसच्या व्हॅन्सेन मैदानावर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी प्री दामेरिक ही दुडक्या घोड्यांची शर्यत असते, तिच्या आधीच्या पात्रता शर्यतींचे सगळे निकाल समोर मांडले तरी कोण जिंकेल याचा काही अंदाज बांधता येत नाही, मग बघायचं तरी काय?

माझं उत्तर असं की, त्या निकालांतला क्रमांक सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा त्या दिवशी घोड्याच्या पायात काय होतं.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. यात स्वार घोड्याच्या पाठीवर नसतो. घोडा एका हलक्या दुचाकी गाडीला, म्हणजे सल्कीला जुंपलेला असतो आणि ड्रायव्हर तिच्यावर बसतो. घोड्याने दुडकी चाल सोडायची नाही. चौखूर उधळला तर ड्रायव्हरने त्याला आवरून परत दुडकीवर आणायचं, आणि तो जास्त वेळ तसाच पळत राहिला किंवा त्यातून फायदा उपटला तर बाद. प्री दामेरिक 1920 साली सुरू झाली, पहिल्या महायुद्धात अमेरिकेने केलेल्या मदतीची आठवण म्हणून. अंतर 2700 मीटर, घोडे 18, बक्षिसाची रक्कम अलीकडे 10 लाख युरो. खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नाही, 10 वर्षांपुढच्यांनाही नाही.

आता नाल. फ्रान्समध्ये रेसकार्डावर, म्हणजे शर्यतीतल्या घोड्यांच्या छापील यादीवर, प्रत्येक घोड्यापुढे छापलेलं असतं: डी-4 म्हणजे चारही पायांचे नाल काढलेले, डी-ए म्हणजे फक्त पुढचे, डी-पी म्हणजे फक्त मागचे. काहीच लिहिलं नसेल तर सगळे नाल पायात. पायावरचं थोडंसं वजन उतरलं की दुडकणाऱ्या घोड्याचा वेग वाढतो, काही घोड्यांचा तर फारच वाढतो. मग रोज अनवाणी का पळवत नाहीत? कारण व्हॅन्सेनची धावपट्टी जळक्या कोळशाच्या खडीची आहे, खूर झिजवते, आणि खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणून प्रशिक्षक अनवाणी शर्यती मोजून मापून वापरतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चारही नाल घालून उतरलेला घोडा सहावा आला तर तो पराभव धरू नका. तो सराव होता आणि मालक, प्रशिक्षक, ड्रायव्हर तिघांनाही ते ठाऊक होतं. उलट ज्याने हंगामभर डी-4 पळून दुसरा-तिसरा क्रमांक काढला, त्याच्या भात्यात आणखी काय उरलंय हा प्रश्न मी आधी विचारतो.

म्हणजे निकालाच्या कागदावर मी क्रमांकाशेजारी नालाची नोंद लिहून काढतो आणि मगच पुढे सरकतो. एवढं केलं तरी निम्म्या 'धक्कादायक' निकालांतला धक्का निघून जातो.

दुसरी गोष्ट, कार्डावरची जुन्या कामगिरीची ओळ. आकड्यापुढे छोटा 'ए' असेल तर ती शर्यत गाडीला जुंपून धावलेली, 'एम' असेल तर पाठीवर स्वार घेऊन. आकड्याच्या जागी 'डी' असेल तर घोडा बाद झालेला. (तेच अक्षर नालासाठीही वापरतात, नवख्यांचा घोळ होतो तो इथेच.) आपल्याकडे सपाट घोडदौड बघणारी माणसं या 'डी'ला शेवटच्या क्रमांकाइतकं वाईट समजतात. तसं नाही. बाद झालेला घोडा संथ होता असं त्यातून कळत नाही, फक्त त्याची चाल मोडली एवढंच कळतं. कुठे मोडली ते व्हिडिओत बघा. सुरुवातीच्या गर्दीत, बाजूच्याच्या चाकाला दचकून मोडली असेल तर मी ते माफ करतो. शेवटच्या वळणावर, वेग वाढवायला सांगितल्यावर मोडली असेल तर माफ करत नाही, कारण प्री दामेरिकमध्ये नेमकं तिथेच वेग वाढवायला सांगणार आहेत.

तिसरं, पात्रता शर्यती एकमेकींसारख्या नसतात, त्यामुळे त्यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही. प्री द ब्रतान्य 2700 मीटर, प्री द बूर्गोन्य 2100 मीटर आणि तीही ऑटोस्टार्टने, प्री द बेल्जिक 2850 मीटर. ऑटोस्टार्टमध्ये फाटक लावलेली मोटार पुढे धावते आणि घोडे तिच्या मागे वेग घेतच सुटतात, म्हणजे घड्याळ चालू होतं तेव्हा ते आधीच पळत असतात. प्री दामेरिकमध्ये मात्र घोडे फिरत फिरत ओळीत येतात आणि इशारा झाला की निघतात. त्यामुळे फसलेल्या सुरुवाती होतात, परत बोलावतात, पुन्हा फेरी. तापट घोडा या खटाटोपातच अर्धा संपतो. म्हणून 2100 मीटरची झकास वेळ मी कौतुकाने बघतो आणि बाजूला ठेवतो. त्या घोड्याने फिरत्या सुरुवातीतून याआधी काय केलंय ते महत्त्वाचं.

वेळ मोजायची पद्धतही लक्षात घ्या. फ्रान्समध्ये एका किलोमीटरमागे किती वेळ लागला ते सांगतात. 1 मिनिट 12 सेकंद हा दर धरला तर 2700 मीटरला 3 मिनिटं 14 सेकंद होतात. दरात फक्त 1 सेकंदाचा फरक म्हणजे शेवटच्या रेषेवर 37 मीटरच्या आसपास अंतर. त्यामुळे दशांशापर्यंत बघावं लागतं, पण अंतर आणि सुरुवातीचा प्रकार सारखा असेल तरच.

मैदानाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण व्हॅन्सेन सपाट नाही. मोठ्या धावपट्टीवर आधी उतार लागतो, मग सपाट भाग, मग चढ, आणि तो संपता संपता शेवटचं वळण घेऊन सरळ रस्ता. चढावर कोण कुणाच्या मागे होता, यावर बरंच ठरतं. पुढच्या सल्कीच्या आडोशाला राहिलेला घोडा वारा कापत नाही. बाहेरच्या रांगेत, पुढे कुणीच नाही, असा चढ चढलेला घोडा कितीतरी जास्त ताकद खर्च करतो. म्हणून बेल्जिक शर्यतीत आडोशाने येऊन दुसरा झालेला आणि तिसऱ्या रांगेतून वारा खात पाचवा आलेला, यांतला पाचवा मला जास्त आवडतो. निकालाच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही. तो व्हिडिओ दोनदा बघावा लागतो, एकदा पुढच्यांसाठी आणि एकदा फक्त त्या एका घोड्यासाठी. घोडा शांत राहावा म्हणून कानात घातलेले बोळे ड्रायव्हरने शेवटी, वेग मागताना, ओढून काढले का तेही बघा. बोळे तसेच राहिले आणि हात शांत होते, तर घोड्याला पूर्ण मागितलंच नव्हतं.

वय बघायला फ्रेंच घोड्यांच्या बाबतीत पुस्तक उघडावं लागत नाही. नावाचं पहिलं अक्षर जन्मवर्षावर ठरतं. बोल्ड ईगल आणि बेलिना जोस्लँ ही 'बी' म्हणजे 2011 ची, फेस टाइम बुर्बों 'एफ' म्हणजे 2015 चा, इदाओ द तियार 'आय' म्हणजे 2018 चा. बोल्ड ईगलने 2016 आणि 2017, फेस टाइम बुर्बोंने 2020 आणि 2021, म्हणजे दोघांनीही पाचव्या आणि सहाव्या वर्षी जिंकली. इदाओने 2024 आणि 2025, सहाव्या आणि सातव्या वर्षी. यावरून तरुण घोडाच घ्यायचा असा नियम करायला जाल तर बेलिना आडवी येते. तिने 2019 मध्ये आठव्या वर्षी जिंकली, आणि 2022 चा दाव्हिदसों द्यू पों नऊ वर्षांचा होता. सगळ्यात मोठं नाव ऊरासीचं: 1986, 1987, 1988 सलग तीनदा जिंकला, 1989 मध्ये हरला, लोकांनी संपला म्हटलं, आणि 1990 मध्ये दहाव्या वर्षी चौथ्यांदा जिंकला. चार वेळा ही शर्यत जिंकणारा तो एकटाच. एकूण, गेल्या वर्षीच्या विजेत्याला केवळ 'आता वय झालं' म्हणून खोडू नका. दोनदा जिंकणारे या शर्यतीत वरचेवर भेटतात.

परदेशी घोडे हा वेगळाच त्रास. 1999 मध्ये अमेरिकेची मोनी मेकर ही घोडी जिंकली, गाडीवर फ्रान्सचा जाँ-मिशेल बाझीर. 2014 मध्ये स्वीडनचा घोडा जिंकला, नाव चक्क महाराजा, आणि तोही दहा वर्षांचा. 2018 मध्ये पुन्हा स्वीडनचा रीडली एक्सप्रेस, ड्रायव्हर ब्यॉर्न गोप. स्वीडनमधल्या हजार मीटरच्या सपाट वर्तुळावरची कामगिरी व्हॅन्सेनच्या चढावर किती टिकेल हे आकड्यांतून निघत नाही. मी एकच अट लावतो: तो घोडा या हिवाळ्यात व्हॅन्सेनला एकदा तरी मोठ्या धावपट्टीवर पळालेला असावा. थेट शर्यतीच्या आठवड्यात येणारा पाहुणा कितीही नावाजलेला असो, माझ्या यादीत तो खाली जातो.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. एकाच ड्रायव्हरकडे दोन-तीन चांगल्या घोड्यांचा पर्याय असतो तेव्हा त्याने कोणता निवडला ही बातमी आहे, आणि कोणता सोडला ही त्याहून मोठी. इदाओसारखं घर असेल, जिथे तिएरी द्यूव्हाल्देस्तँ प्रशिक्षक आणि मुलगा क्लेमाँ गाडीवर, तिथे हा प्रश्नच येत नाही. ती स्थिरता मी घोड्याच्या बाजूने मोजतो.

बाजारातल्या भावांवर फार जाऊ नका. फ्रान्समध्ये सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमतात आणि त्यातून वाटणी होते, त्यामुळे भाव शेवटच्या क्षणापर्यंत हलतो आणि तो लोकांचा कल सांगतो, घोड्याची तयारी नाही. नावाजलेल्या घोड्यावर त्यामुळे बरेचदा जास्त पैसे लागतात, म्हणजे जिंकला तरी परतावा कमी. तुम्हाला पैसे लावायचे नाहीत, नुसता अंदाज बांधायचा आहे असं मी धरून चाललोय. तसं असेल तर भाव बघण्याआधी आपली यादी कागदावर लिहून टाका, नाहीतर नकळत सगळेजण म्हणतात तेच नाव तुम्हीही वर न्याल.

यादी करताना मी खालून सुरुवात करतो. 18 पैकी पात्रता शर्यतींतून नव्हे, तर आतापर्यंतच्या बक्षिसांच्या कमाईच्या जोरावर जागा मिळालेले, पण या हंगामात एकदाही पुढच्यांत न दिसलेले आधी जातात. मग शेवटच्या वळणावर चाल मोडणारे. मग पहिल्यांदाच व्हॅन्सेनचा चढ बघणारे. बहुतेक वर्षी पाच-सहा नावं उरतात. त्यांतला जो आतापर्यंत नाल घालून पळाला आणि त्या रविवारच्या कार्डावर पहिल्यांदा डी-4 दिसतो, त्याच्याभोवती मी गोल काढतो. तसा एकही नसेल तर मागच्या दोन शर्यतींत सगळ्यात जास्त वारा ज्याने खाल्ला तो.