राधानगरीच्या जंगलात वेगळ्या बुरशी कुठे दिसतात? त्या खाता येतात का?

दिसतात की. फक्त आमच्या दाजींसारखा माणूस सोबत नेऊ नका.

गौरी-गणपती उरकून बहिणीच्या गावाला गेलो होतो. गाव राधानगरी अभयारण्याला लागूनच. सकाळी दाजी आणि मी मागच्या देवराईत शिरलो. पाऊस नुकताच उघडलेला. मधेच उंदीर मेल्यासारखा वास आला. दाजींनी नाकाला टॉवेल लावला, "जनावार मेलंय कायतरी," म्हणाले आणि वाट बदलली. मी वासामागं गेलो.

बांबूच्या बेटाखाली वीतभर पांढरा दांडा, वर शेवाळी रंगाची चिकट टोपी आणि टोपीखालून सुटलेली पांढरी जाळी, क्रोशानं विणल्यासारखी. टोपीवर माश्यांचा थवा. फॅलस इंडुसिएटस, म्हणजे जाळीवाली बुरशी! वास माश्यांसाठीच असतो. त्या तो चिकटा खातात, पायाला लावून नेतात आणि बीजाणू पसरतात. हा घागरा जेमतेम एखादा दिवस टिकतो, म्हणजे नशीबच म्हणायचं.

शेजारी लिंबाएवढं पांढुरकं अंडं मातीतून वर आलेलं. दाजी मागून ओरडले, "सापाचं अंडं हाय त्ये, हात लावू नगंस!" म्हटलं, दाजी, हे बाहेर आलंय ते असल्याच अंड्यातनं. तर त्यांनी बुटाच्या टोकानं ते उडवलं. फुटलं. आत जेलीचा थर आणि मधे दाबून बसवलेला दांडा. आणि बुडाला मुळासारखा पांढरा धागा, मातीसकट उपटून आलेला. आता सांगा, सापाच्या अंड्याला मूळ असतं? तरी दर दिवाळीला पाहुण्यांत सांगतात, "मेव्हण्यानं सापाचं अंडं फोडलं." फोडलं कुणी?

हां, तुमचा प्रश्न. पडलेल्या कुजक्या ओंडक्यांपाशी वाका. केशरी प्याले, काळी बोटं, सगळं तिथंच. रात्री हिरवट उजेड देणारी मायसीना बघायची तर भर पावसाळा, ओल्या काटक्या, आणि बॅटरी बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत दम धरायचा. घाईच्या माणसाला काही दिसत नाही. (दाजी पाच मिनिटांत परत फिरतात.)

खाण्याचं विचाराल तर जंगलात ओळखून-बिळखून खायचं धाडस करू नका. वारुळावरची अळंबी गावातली जाणती बाई देईल ती खा, बाकी नाही. जाळीवाली चीनमध्ये वाळवून सूपमध्ये घालतात, हे जेवताना सांगितलं तर दाजींनी ताट सरकवलं.

आणि हो, पावसाळ्यात दाजीपूरची (म्हणजे याच अभयारण्यातली) सफारी बंद असते, आधी वनखात्याकडे चौकशी करा. अभयारण्यात काही उपटायचं नाही. आमची देवराई हद्दीबाहेर होती, तरी ते अंडं फुटायला नको होतं.

फोटो फॅमिली ग्रुपवर आहे. दाजी, हे वाचत असाल तर बोटांनी मोठा करून बघा, धागा दिसतोय.