'रॉक अँड रोल'मधला रॉक म्हणजे खडक नव्हे

प्रश्न असा आहे: 'रॉक अँड रोल'मधला रॉक म्हणजे खडकच असेल, तर त्याच्यापुढे 'रोल' कशाला? हे नाव ॲलन फ्रीड या अमेरिकी रेडिओ निवेदकाने घडवलं का? आणि नुसतं 'रॉक' म्हटलं तर अर्थ तोच राहतो का?

खडकाचा इथे काही संबंध नाही. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार सारखेच असलेले हे दोन वेगळे शब्द आहेत. खडक या अर्थाचा रॉक जुन्या फ्रेंचमधून आला. झुलणं, हेलकावणं या अर्थाचं क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतलं आहे. पाळणा हलवतात तो रॉक, झुलत्या खुर्चीतला रॉक, तो हा. 'रोल' म्हणजे लोळणं, या कुशीवरून त्या कुशीवर कलणं. समुद्रावरच्या जहाजाच्या डोलण्यासाठी ही क्रियापदं फार पूर्वीपासून जोडीने येत. बॉसवेल सिस्टर्स या गोऱ्या बहिणींनी १९३४ साली 'रॉक अँड रोल' याच नावाचं गाणं गायलं, तेही समुद्राच्या हेलकाव्यांचं.

पण संगीताला नाव मिळालं ते जहाजावरून नाही, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून. तिथे या शब्दांना एकाच वेळी दोन अर्थ होते. एक शरीरसुखाचा: ट्रिक्सी स्मिथने १९२२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ब्लूज गाण्याच्या शीर्षकातच 'रॉक' आणि 'रोल' दोन्ही आहेत, आणि अर्थ अजिबात झाकलेला नाही. दुसरा भक्तीचा: चर्चमध्ये गाता गाता अंगात येणारं डोलणं. सिस्टर रोझेटा थार्पने १९३८ मध्ये 'रॉक मी' गायलं, ते मुळात टॉमस डॉर्सीचं भक्तिगीत. देवाने आपल्या प्रेमाच्या पाळण्यात मला जोजवावं, अशी त्यातली विनवणी. हीच थार्प इलेक्ट्रिक गिटार हाती घेऊन नाइटक्लबातही गायची. १९४२ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाच्या समीक्षकाने तिच्या गाण्याचं वर्णन 'रॉक अँड रोल' असंच केलं होतं. मला या शब्दाचा खरा जन्म इथे दिसतो, कारण देऊळ आणि नाचघर दोन्हीकडचा जोर त्यात एकत्र आला आहे.

म्हणजे फ्रीडच्या कितीतरी आधी शब्द होता. त्याने काय केलं? क्लीव्हलंडमधून १९५१ पासून तो रात्रीच्या कार्यक्रमात ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या नाचऱ्या संगीताच्या तबकड्या वाजवू लागला. ('बिलबोर्ड'ने १९४९ पर्यंत या संगीताच्या यादीला 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशावरूनच, नाव दिलेलं होतं.) फ्रीड स्वतःला 'मूनडॉग' म्हणवत असे. तो न्यूयॉर्कला गेल्यावर त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या एका अंध रस्तावादकाने, लुई हार्डिनने, कोर्टात दावा लावला आणि जिंकला. जुनं नाव गेलं, तेव्हा फ्रीडने कार्यक्रमाला 'रॉक अँड रोल'चं नाव दिलं. त्याने शब्द घडवला नाही, घराघरांत पोहोचवला. हे श्रेय लहान नाही. पण 'फ्रीडने नाव दिलं' एवढंच लिहिलं की ट्रिक्सी स्मिथ आणि थार्प पुसल्या जातात, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

शब्दासोबत गाणीही हातोहात गेली. 'गुड रॉकिंग टुनाइट' कृष्णवर्णीय रॉय ब्राउनने १९४७ मध्ये गायलं, कृष्णवर्णीयच असलेल्या वायनोनी हॅरिसची तबकडी १९४८ मध्ये आली, आणि १९५४ मध्ये ते गोऱ्या एल्व्हिस प्रेस्लीने गायलं. पुढच्या वर्षी बिल हेली हा गोरा गायक 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांची पहिली मोठी गाणीही १९५५ मधलीच.

नावातला झोका ठेक्यातही आहे. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ड्रमवर ठासून वाजते. समेवर जोर ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना तो उलटा लागतो, पण अंग डोलतं ते त्यामुळेच.

आता 'रॉक'. साठच्या दशकात बीटल्स आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी गाणी लांबवली, गिटारचा आवाज बदलला, नाचाचा आग्रह सोडला, तेव्हा नुसतं 'रॉक' म्हणायची रीत पडली. इंग्रजीत अनेकजण आजही दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. मराठीत लिहिताना मी फरक पाळतो. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांचं 'आशा' (१९५७) मधलं 'ईना मीना डीका', किंवा पाचगणीच्या शाळेत असताना फारुख बलसारा, म्हणजे पुढे 'क्वीन' बँडचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, 'द हेक्टिक्स' या शाळेतल्या बँडमध्ये वाजवायचा ते रॉक अँड रोल. मुंबईच्या रंगभवनात पुढे 'इंडिपेंडन्स रॉक' या संगीत महोत्सवाला जे घुमलं ते रॉक. 'अँड' लिहा किंवा 'एन', दोन्ही बरोबर: 'एन' हे 'अँड'चंच बोलण्यातलं आखूड रूप आहे.